सोसायटीचे दप्तर आणि ॲपची बीटा आवृत्ती : मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत गेल्या वर्षी घडलेले हे प्रकरण आहे. संस्था, व्यक्ती आणि ॲप यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण घोटाळा झाला तो त्या क्रमामुळेच. मी या संस्थेचा सभासद आहे. कार्यकारिणीवर नसलो तरी दप्तर लावण्याच्या कामात सुरुवातीपासून होतो.

संस्था १९७८ साली नोंदलेली असून तिच्यात चार विंग आणि ६४ सदनिका आहेत. कार्यालय ए विंगच्या जिन्याखालच्या खोलीत आहे. २६ जुलै २००५ रोजी, ज्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी या खोलीत गुडघाभर पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतील फायली भिजून एकमेकींना चिकटल्या. पंख्याखाली वाळवलेली ती पाने आजही हाताला पापडासारखी लागतात आणि उलटताना कडांचा भुगा होतो. १९९१ पर्यंतची सभांची इतिवृत्ते हस्तलिखित आहेत, त्यानंतरची टंकलिखित किंवा संगणकावर छापलेली आहेत, आणि जवळजवळ सगळी मराठीत आहेत.

इमारत पुनर्विकासाला निघाल्यावर या दप्तराची गरज एकदम वाढली. सहकार कायद्याच्या कलम ७९अ अन्वये शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे चालायचे तर पावलोपावली कागद लागतो. कोणाचे सभासदत्व केव्हा मंजूर झाले, मयत सभासदाच्या जागी वारसाचे नाव लागले का, गच्चीचा वापर, पार्किंग आणि दुरुस्तीवर्गणी यांविषयी कोणत्या सभेत काय ठराव झाला, अशा प्रत्येक प्रश्नासाठी सचिवांना कपाटासमोर बसावे लागत होते. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, कामाला वाघ आणि स्वभावाने उतावळे. कोषाध्यक्ष नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या बाई. त्या संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचल्यावर कार्यालयात येत असत.

कागद मोबाइलवर स्कॅन करण्याची सवय संस्थेला आधीपासून होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत कॅमस्कॅनरही होते, आणि तोपर्यंत संस्था तेच वापरत असल्यामुळे त्यानंतर दुसरे एक ॲप घेण्यात आले. प्रकरण या दुसऱ्या ॲपचे आहे.

अडचण

या ॲपमध्ये पान स्कॅन होत असे, कडा सरळ होत असत, पीडीएफ तयार होत असे. परंतु त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नसे. पान म्हणजे ॲपच्या लेखी केवळ एक चित्र होते. ‘गच्ची’ हा शब्द तीस वर्षांच्या इतिवृत्तांत कोठे कोठे आला आहे हे पाहायचे तर फाइल उघडून डोळ्यांनीच वाचावे लागे.

मे महिन्यात ॲपमध्ये एक सूचना दिसू लागली की मराठीसह काही भारतीय भाषांची अक्षरओळख, म्हणजे चित्रातील अक्षरे वाचण्याची ओसीआर ही सोय, बीटा (चाचणीसाठीच्या) आवृत्तीत उपलब्ध झाली असून इच्छुकांनी चाचणी कार्यक्रमात सामील व्हावे. सचिवांनी दोनतीनदा प्रयत्न केला तेव्हा प्ले स्टोअरवर कार्यक्रम भरल्याचा संदेश आला. खुल्या चाचणीतही विकासकाला, म्हणजे ॲप बनवणाऱ्याला, परीक्षकांच्या संख्येवर मर्यादा घालता येते, आणि कोणी बाहेर पडले किंवा मर्यादा वाढली की पुन्हा जागा होते. आपल्याला हवी असलेली सोय कोणाला तरी मिळते आहे आणि आपल्याला मिळत नाही, या भावनेने सचिवांच्या मनात त्या कार्यक्रमाची किंमत वाढली. माझ्या मते पुढचे बरेचसे या एका गोष्टीतून घडले. वास्तविक बीटा कार्यक्रम म्हणजे अपुऱ्या कामातील दोष शोधून कळवण्याची जबाबदारी. आमच्याकडे मात्र लोकलमध्ये खिडकीची जागा मिळावी तसे त्याकडे पाहिले गेले.

समोर असलेले पर्याय

जूनच्या पहिल्या रविवारी कार्यकारिणीची बैठक होती आणि तिच्यात हा विषय घ्यायचा असे ठरले होते. कोषाध्यक्षांनी आधीच एका कागदावर पर्याय लिहून आणले होते.

पहिला पर्याय थांबण्याचा होता. अक्षरओळख सर्वांसाठीच्या स्थिर आवृत्तीत येईपर्यंत स्कॅनिंग चालू ठेवायचे आणि प्रत्येक सभेतील ठरावांची सूची हाताने वहीत करायची. हे काम कंटाळवाणे होते, पण त्यात कोणताही धोका नव्हता. दुसरा पर्याय काम बाहेर देण्याचा. दादरच्या एका स्कॅनिंगवाल्याकडे विचारणाही झाली होती. परंतु सगळे दप्तर टेम्पोत घालून पावसाच्या तोंडावर दादरला न्यायला कोणी तयार नव्हते, आणि २००५ पाहिलेल्या माणसांना ते पटवणे शक्यही नव्हते. तिसरा पर्याय सचिवांच्या रोजच्या फोनवरच बीटा घेण्याचा. चौथा, वापरात नसलेल्या एखाद्या जुन्या फोनवर बीटा घेऊन त्यात फक्त निरुपद्रवी कागद, म्हणजे जुन्या नोटिसा आणि सभासदांना आधीच वाटलेली इतिवृत्ते तपासण्याचा.

कागदावर चौथ्या पर्यायाखाली रेघ मारलेली होती. बैठक मात्र त्या निर्णयापर्यंत पोहोचलीच नाही, कारण आदल्या रात्री जागा झाल्याचे दिसताच सचिवांनी स्वतःच्या फोनवर नाव नोंदवून टाकले होते. ‘पुन्हा भरला असता तर?’ असे ते म्हणाले. कोणी आक्षेप घेतला नाही, मीही घेतला नाही. प्रत्यक्षात इथेच पहिला निर्णय झाला, आणि तो चर्चेशिवाय झाला.

बीटा घेतल्यावर काय झाले

आमच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी होती की बीटा म्हणजे जुन्या ॲपशेजारी बसणारे वेगळे ॲप. काही विकासक तसे वेगळे ॲप देतात, पण प्ले स्टोअरच्या चाचणी कार्यक्रमातून येणारी आवृत्ती नेहमीच्या अपडेटसारखी येते आणि असलेल्या ॲपचीच जागा घेते. आयफोनवर टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणी ॲपमधून घेतलेली आवृत्तीही ॲप स्टोअरच्या आवृत्तीच्या जागीच बसते. सोमवारी सकाळी सचिवांनी ॲप उघडले तेव्हा आधीच्या चार वर्षांत स्कॅन केलेल्या ४१२ फायली बीटा आवृत्तीच्या ताब्यात गेलेल्या होत्या. त्यांची प्रत दुसरीकडे कोठेही नव्हती.

पहिले दोन आठवडे आनंदाचे गेले. छापील पानांवरील मराठी खरोखरच ओळखले जात होते. सचिव रोज चाळीसपन्नास पाने स्कॅन करू लागले, आणि त्या वेगात इतिवृत्तांबरोबर सभासदत्वाचे अर्ज, आधारच्या झेरॉक्स आणि नामनिर्देशनपत्रेही आत गेली. त्यासाठी वेगळा निर्णय कोणी घेतला नाही. कपाटातील पुढची फाइल हाताला आली एवढेच. हस्तलिखित पानांवर ॲप अर्थहीन अक्षरे दाखवत असे, ते अपेक्षितच होते.

त्यानंतर एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडल्या.

पहिली शोधाविषयीची. गळतीच्या एका जुन्या तक्रारीसाठी सचिवांनी ‘दुसऱ्या मजल्यावरील’ असे टाइप करून शोधले आणि ॲपने एकही निकाल दाखवला नाही. ‘मजल्यावरील’ एवढेच टाइप केले तर भरपूर पाने येत होती आणि त्यांतल्या कित्येकांत ‘दुसऱ्या’ हा शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. ‘पायऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांचेही तसेच.

दुसरी गोष्ट फायलींविषयीची. बीटाचे पुढचे अपडेट आल्यावर अनेक फायलींची छोटी चित्रे कोरी दिसू लागली आणि काही फायलींत पानांचा क्रम उलटसुलट झाला.

तिसरी गोष्ट एका ज्येष्ठ सभासद बाईंची. सचिव कार्यालयात फोन दाखवत असताना त्यांच्या नजरेस स्वतःचे नामनिर्देशनपत्र पडले. सदनिकेसाठी कोणाचे नाव दिले आहे हे त्यांनी घरात सांगितलेले नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. “माझा कागद तुमच्या फोनात कशासाठी?” एवढेच विचारले आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. सचिवांकडे उत्तर नव्हते.

बाहेर पडण्याचा निर्णय

सचिवांनी त्या रात्री ठरवले की बीटा सोडायची, ॲप काढून टाकायचे आणि जुनी आवृत्ती पुन्हा घ्यायची. वरवर पाहता हे योग्यच होते. प्ले स्टोअरच्या पानावरून कार्यक्रम सोडता येतो; परंतु त्यामुळे फोनवरील आवृत्ती आपोआप बदलत नाही. वरच्या क्रमांकाच्या आवृत्तीवर खालच्या क्रमांकाची आवृत्ती अँड्रॉइड बसवू देत नाही. म्हणून आधी ॲप काढावे लागते, आणि ॲप काढले की त्याने स्वतःच्या खासगी जागेत ठेवलेले सर्व काही पुसले जाते. आमच्या ४१२ जुन्या आणि साडेतीनशेच्या आसपास नव्या फायली त्या जागेतच होत्या.

सचिवांचे बोट ‘अनइन्स्टॉल’वर होते तेव्हा कोषाध्यक्ष नुकत्या कार्यालयात शिरल्या होत्या, खांद्यावरची पर्सही उतरवलेली नव्हती. “काका, थांबा. आधी फायली बाहेर काढू, मग काय काढायचं ते काढा.” त्यांच्या या एका वाक्याने संस्थेचे चार वर्षांचे काम वाचले असे मी मानतो.

दोन संध्याकाळी बसून प्रत्येक फाइल पीडीएफ म्हणून निर्यात केली आणि केबलने कार्यालयाच्या संगणकावर उतरवली. चित्र कोरे दिसत असले तरी बहुतेक फायलींचा मजकूर शाबूत होता. बिघाड सूचीत होता, पानांत नव्हता. नऊ फायली मात्र कशानेही उघडेनात. त्यांचे मूळ कागद कपाटात होते म्हणून त्या पुन्हा स्कॅन करता आल्या. स्कॅन झाल्यावर जुने कागद रद्दीत द्यावेत असा एक प्रस्ताव एप्रिलमध्ये आला होता आणि तो केवळ वेळेअभावी मागे पडला होता, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

सभासद बाईंच्या बाबतीत काय करायचे, यावर चर्चा जास्त झाली. नुसते ‘डिलीट केले’ सांगून भागणार नव्हते. ॲपच्या सेटिंगमध्ये शोधल्यावर ‘अक्षरओळख सुधारण्यास मदत करा’ असा एक पर्याय सापडला. बीटात तो आपोआप चालू होता, आणि चालू असताना काही पाने तपासणीसाठी विकासकाच्या सर्व्हरवर जात होती. सामील होताना दाखवलेल्या अटींत हे लिहिलेले होते. सचिवांनी त्या अटी वाचल्या नव्हत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा पाया संमती हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याचा कागद त्याला विचारायचे, ही साधी रीत आम्ही पाळली नव्हती. पर्याय बंद केला, बाईंसमोर त्यांची फाइल पुसली, ॲपच्या कचरापेटीतूनही काढली, आणि पाठवली गेलेली पाने नष्ट करावीत असे विकासकाला लेखी कळवले. त्यांचे होकारार्थी उत्तर आल्यावर ते छापून बाईंना दिले. इतर सभासदांना सूचनाफलकावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर काय झाले ते स्पष्ट शब्दांत सांगितले. दोघांनी सचिवांना बरेच सुनावले. त्यांनी ऐकून घेतले.

पुन्हा सामील होण्याचा निर्णय

इथे प्रकरण संपू शकले असते. परंतु ‘दुसऱ्या’ शब्दाचा दोष तसाच राहिला, तर तो स्थिर आवृत्तीतही येणार आणि मराठीत शोधणाऱ्या प्रत्येकाला भोवणार, असा मुद्दा कोषाध्यक्षांनी मांडला. मला तो मनापासून पटला. मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत, एक गुरूला आणि दुसरा स्वयंपाक्याला. अर्ध्या ‘र’ची ही वेलांटीसारखी रेघ मराठीला रोज लागते. तिची तपासणी मराठी लिहिणारे परीक्षक करणार नाहीत तर कोण करणार?

तेव्हा जो चौथा पर्याय जूनमध्ये कागदावरच राहिला होता, तो ऑगस्टमध्ये अमलात आला. कोषाध्यक्षांच्या मुलाचा जुना अँड्रॉइड फोन पूर्ण रिकामा करून त्यावर वेगळ्या खात्याने बीटा घेतली. त्यात संस्थेचा एकही खरा कागद घालायचा नाही असा ठराव झाला. त्याऐवजी आम्ही एक सरावाचे पान तयार केले: काल्पनिक संस्थेच्या काल्पनिक सभेचे इतिवृत्त, त्यात ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘बिऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘ॲप’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द मुद्दाम पेरलेले.

दोषाचे मूळ सापडले ते एका साध्या कृतीतून. कोषाध्यक्षांनी ओळखलेल्या मजकुरातून ‘दुसऱ्या’ हा शब्द कॉपी करून शोधपेटीत चिकटवला, आणि निकाल आला. तोच शब्द कीबोर्डवर टाइप केला, आणि निकाल आला नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, हे रूप दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे ‘य’. दुसऱ्या, जुन्या काळापासून चालत आलेल्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. आमच्या फोनचा कीबोर्ड पहिल्या रीतीने लिहीत होता, ॲपची अक्षरओळख दुसऱ्या रीतीने, आणि शोध दोहोंना निरनिराळे शब्द समजत होता.

कळवण्याचे काम

जूनमध्ये फायली बिघडल्या तेव्हा सचिवांनी रागाच्या भरात प्ले स्टोअरवर एक तारा देऊन ‘ॲप बेकार आहे, फायली गेल्या’ असे लिहिले होते. बीटा परीक्षकाचा अभिप्राय सार्वजनिक दिसत नाही, तो फक्त विकासकाकडे जातो. त्यामुळे इतरांना सावध करण्याचा हेतू साधला नाही, आणि विकासकाला त्या वाक्यातून करण्यासारखे काही मिळाले नाही. उत्तर म्हणून आभाराचा एक साचेबंद संदेश तेवढा आला.

ऑगस्टमधील पत्र वेगळे होते. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, बीटाचा नेमका क्रमांक, कीबोर्डचे नाव, मग क्रमाने केलेल्या कृती, काय अपेक्षित होते आणि काय दिसले. कॉपी करून शोधल्यास निकाल येतो आणि टाइप करून शोधल्यास येत नाही, हे वाक्य पत्रात सर्वांत वर ठेवले. सोबत सरावाच्या पानाची पीडीएफ जोडली, म्हणजे विकासकाला तोच दोष आपल्या टेबलावर पाहता यावा. पहिल्या मसुद्यात सचिवांनी जूनमधील एक स्क्रीनशॉट जोडला होता आणि त्यात एका सभासदाचा आधार क्रमांक पूर्ण वाचता येत होता; तो पाठवण्यापूर्वी काढला. पाचव्या दिवशी विकासकाकडून माणसाने लिहिलेले उत्तर आले, दोन प्रश्न विचारणारे.

फलित

सप्टेंबरच्या बीटामध्ये दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘दुसऱ्या’ शोधात सापडू लागला आणि नोव्हेंबरमध्ये अक्षरओळख स्थिर आवृत्तीत आली. त्यानंतरच संस्थेने १९९१ नंतरची इतिवृत्ते तिच्यात घातली. दर शनिवारी सगळ्या फायलींची प्रत संगणकावर आणि एका बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते. डिस्क कोषाध्यक्षांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर असते.

पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेत गच्चीच्या हक्काचा वाद निघाला तेव्हा लागणारा ठराव १९८६ चा निघाला. तो हस्तलिखित होता; ॲपला तो वाचता येत नव्हता. मधल्या काळात दोन सभासदांनी वहीत हाताने केलेल्या सूचीतून तो चार मिनिटांत मिळाला. पहिला, कंटाळवाणा पर्याय पूर्ण सोडून दिला नव्हता म्हणून.

काय वेगळे करता आले असते

नाव नोंदवण्यापूर्वी एक प्रत संगणकावर घेतली असती तर जूनची धावपळ झाली नसती, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचे मला असे वाटते की कोणता फोन आणि कोणते कागद हे प्रश्न सामील व्हायचे की नाही या प्रश्नाच्या आधी विचारायला हवे होते. आम्ही ते नंतर विचारले, म्हणून तोपर्यंत उत्तर परिस्थितीनेच देऊन टाकले होते. बाहेर पडण्याची वाटही आधी वाचायला हवी होती. कोषाध्यक्षांच्या आयफोनवर पुढे टेस्टफ्लाइट घेतले तेव्हा हे केले. तिथे प्रत्येक चाचणी आवृत्ती ९० दिवसांनी बंद पडते हे आधीच माहीत असल्यामुळे त्या फोनवर एकही मूळ फाइल ठेवली गेली नाही.

सचिवांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. बैठकीत ‘नोंदवले आहे’ असे त्यांनी सांगितले तेव्हा चौथ्या पर्यायाखाली रेघ मारलेला कागद टेबलावर होता आणि आम्ही सात जण समोर बसलो होतो. कार्यक्रम सोडून जुन्या फोनवर पुन्हा नाव नोंदवा, एवढे म्हणायला त्या दिवशी काही लागले नसते. तेव्हा नवीन काही स्कॅन झालेले नव्हते.

नामनिर्देशनपत्रांबाबत कार्यकारिणीत अजून एकमत नाही. काहींच्या मते सभासदाची लेखी संमती घेऊन ती स्कॅन करावीत, कारण २००५ सारखे पाणी पुन्हा येऊ शकते. त्या ज्येष्ठ सभासद बाईंनी संमती दिलेली नाही. त्यांचे पत्र बंद लिफाफ्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवले आहे, आणि लिफाफ्यावर त्यांनी स्वतः सही केली आहे.